रंगून ते दमदम, साडेचार तास

माणूस विमानात बसत नाही तोवर त्याला विमानाबद्दल सगळं माहीत असतं. सांगलीत चार वर्षं विमानाची तिकिटं विकून मी एवढं एकच ज्ञान मिळवलं, आणि पुढच्या नोकऱ्यांत ते खोडून काढणारं काही घडलं नाही.

युद्ध संपल्यावरचा तो काळ. सांगलीत विमान उतरत नव्हतं. कधी वरून एखादं गेलं, तर पेठेतली माणसं तराजू तसेच सोडून रस्त्यावर यायची आणि ते दिसेनासं होईपर्यंत तोंड वर करून उभी राहायची. तरीही आमच्या मालकांनी शिलाई मशिनच्या दुकानाचा एक कोपरा रिकामा करून तिथं विमानाच्या तिकिटांची एजन्सी थाटली. तिकीट सांगलीत काढायचं आणि विमान पकडायला मुंबईला जायचं. महिन्यात दोन तिकिटं खपली तरी मालक खूश असत. चौकशीला मात्र रोज वीस माणसं येत. सगळ्यांचा प्रश्न एकच: अमुक ठिकाण किती लांब आणि जायला किती वेळ लागतो? कैरो किती लांब, लंडन किती तास, अमेरिकेला कुठून जातात? यांतले निम्मे लोक कधी पुण्यापलीकडे गेले नव्हते आणि जाणारही नव्हते. उत्तर ऐकून ते मान हलवत, पानाचा विडा तोंडात सरकवत आणि "लय लांब हाय की" असं म्हणून चालू लागत. एखाद्याला अंतर कशाला हवं आहे हे विचारण्याची सोय नव्हती. गिऱ्हाइकाला असलं विचारायचं नाही, अशी मालकांची ताकीद होती.

मी मूळचा आष्ट्याचा. युद्धात कराचीच्या विमानतळावर कारकून होतो. विमान उडवणं माझ्याकडे नव्हतं. कुठून कुठं किती मैल, वारा कोणीकडचा, विमानाचा वेग किती, म्हणजे ते किती वाजता पोचेल, हे काढून फळ्यावर खडूनं लिहायचं काम माझं. माझा आकडा पाहून वैमानिक पेट्रोल भरत. आकडा चुकला असता तर विमान समुद्रात गेलं असतं. माझा एकदाही चुकला नाही. हे मी सांगलीत प्रत्येकाला सांगत असे, न विचारता.

दुकानात भिंतीवर शाळेतला जगाचा नकाशा टांगलेला होता. मालक त्यावर फूटपट्टी लावून मुंबई-लंडन मोजत आणि गिऱ्हाइकाला बेधडक मैल सांगत. मी त्यांना कितीदा समजावलं की पृथ्वी भोपळ्यासारखी गोल आहे, भोपळ्याची साल सपाट केली की ती फाटते किंवा ताणली जाते, म्हणून सपाट नकाशावरचं अंतर खोटं. गोलावर दोरा ताणून धरायचा, मग त्या दोऱ्याचे मैल करायचे. मी पदरच्या खर्चानं लाकडी पृथ्वीगोल आणला आणि दोऱ्याचं रीळ मालकांच्याच मशिनवरून उचललं. मालक म्हणत, "अहो, पट्टीनं काय नि दोऱ्यानं काय, विमान जायचं तिथंच जातंय." अशा माणसाच्या हाताखाली मी चार वर्षं काढली.

गिऱ्हाइकंही त्यांना शोभतील अशीच. वाळवा तालुक्यातला एक ऊसवाला बागायतदार मुलाला शिकायला विलायतेला धाडणार होता. त्याला मी बोटीचे दिवस आणि विमानाचे तास सांगितले. तो चिडला. एवढं भाडं घेऊन इतक्या लवकर खाली उतरवता, हा कुठला न्याय, असं त्याचं म्हणणं. मुलाला जास्त वेळ बसवून घेणारं एखादं विमान असेल तर बघा, असं सांगून तो गेला आणि शेवटी पोराला बोटीनंच पाठवलं. एक पेन्शनर सुभेदार रोज पेपर वाचायला येत. बसऱ्याला ते लढाईत बोटीनं गेलेले, पण कराची ते बसरा विमानाला किती तास लागतात हे ते मला शिकवत. मी हिशेब मांडून दाखवला की म्हणत, "कागदावर ठीक हाय. पर आमी तितं जाऊन आलोय."

सगळ्यांत जास्त घोळ घड्याळांचा असे. एवढंच जरा नीट वाचा, कारण पुढं त्याच्यावर एक घर मोडायची वेळ आली. सूर्य पूर्वेकडे आधी उगवतो, म्हणून रंगूनचं घड्याळ आपल्यापेक्षा तासभर पुढं. लंडनचं साडेपाच तास मागं. विमान एका देशातून दुसऱ्या देशात जाताना वैमानिकानं कुठलं घड्याळ मानायचं? त्यावर तोड अशी, की आकाशात सगळीकडे लंडनजवळच्या ग्रीनिचची वेळ लिहायची. कराचीला आमच्या भिंतीवर दोन घड्याळं शेजारी शेजारी होती, एक गावचं आणि एक ग्रीनिचचं. वैमानिकाच्या हातचा कागद आला की त्यात साडेपाच तास मिळवायचे, हे आम्हाला झोपेतही जमत असे.

स्वातंत्र्य मिळून दीड-एक वर्ष झालं होतं. त्या दिवशी सकाळीच मी सुभेदारांना ही दोन घड्याळं समजावून सांगत होतो. तासभर डोकं फोडल्यावर ते म्हणाले, आमच्या पलटणीत एकच घड्याळ होतं आणि लढाई आम्हीच जिंकली. मी संतापानं धुमसत होतो. तेवढ्यात धोतराचा सोगा सावरत एक म्हातारा आत आला. विट्याजवळच्या एका गावचा. त्याला गावात आबा म्हणत. त्याचा मुलगा किसन रंगूनला सोनं-चांदी गाळायचं दुकान चालवत होता. आपल्या विट्याकडची माणसं या गलाईच्या धंद्यासाठी कुठं कुठं गेली आहेत, याला सुमार नाही. ब्रह्मदेशात तेव्हा बंडाळी माजली होती, रंगूनच्या वेशीवर गोळीबार चालला होता. किसननं दिवस भरत आलेल्या बायकोला, हौसाला, शेजारच्या एका कुटुंबाबरोबर कलकत्त्याच्या विमानात बसवून दिलं आणि स्वतः दुकानाची आवराआवर करायला मागं राहिला. विमान कलकत्त्याच्या दमदम विमानतळावर उतरायच्या आधीच हौसा बाळंत झाली. मुलगी झाली. विमानातल्या साहेबानं एका कागदावर दोन ओळी लिहून हातात दिल्या होत्या. महिन्याभरानं हौसा मुलीला घेऊन सासरी पोचली. जोशीबुवांना पत्रिका मांडायला जन्माची वेळ हवी होती आणि कागद इंग्रजीत होता.

आबानं तो कागद माझ्यापुढं धरला, उलटा. मी तो सुलटा केला. "सायेब, येळ काय लिवलीया तेवढी सांगा," तो म्हणाला.

कराचीत ज्यानं विमानं सुखरूप पोचवली, त्यानं आता पत्रिकेसाठी चिठ्ठ्या वाचायच्या, हा विचार मनात आला आणि मी नाक मुरडलं. कागदावर नजर टाकली. "सहा चाळीस," मी म्हणालो. सकाळची का, असं आबानं विचारलं. सकाळचीच, मी म्हणालो. आबानं दोनदा हात जोडले आणि तो गेला. मी सुभेदारांकडे वळून ग्रीनिच पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

वाचकांच्या ध्यानात आलं असेल. माझ्या पाच महिने आलं नाही.

पुढची हकीकत आष्ट्यात कळली. रविवारी मी घरी जात असे. आमच्या गल्लीच्या टोकाला हौसाचं माहेर. विमानात जन्मलेली पोर बघायला आधी गाव लोटलं होतं, मग हळूहळू येणं थांबलं. बायकोनं मला कारण सांगितलं. जोशीबुवांच्या पंचांगात त्या दिवशी सकाळी नऊपर्यंत व्यतीपात होता. तो वाईट योग. आपण द्वाड पोराला व्यतीपात म्हणतो तो यावरूनच. त्यावर जन्मलेलं मूल घराला जड. त्याची शांत करावी लागते आणि शांतीला आई-बाप दोघांना पाटावर बसावं लागतं. तोवर बापानं मुलाचं तोंड पाहायचं नाही. बाप तर रंगूनमध्ये. पुढच्याच महिन्यात त्याची पत्रं यायची बंद झाली. आबाच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही, पण चुलीपाशी कुजबुज सुरू झाली की ही जन्मली आणि बाप हरवला. मग एक दिवस हौसाला बाळंतपणाचा आराम म्हणून माहेरी आणून सोडलं, आणि न्यायला कुणी आलं नाही.

हे ऐकून मी मनसोक्त हसलो. जोशी, पंचांग, आबा, विट्याचा सगळा मुलूख, कुणालाच मी सोडलं नाही. बायको म्हणाली, हसायचं तर तिच्यापुढं जाऊन हसा. मी खरंच गेलो. चार शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्यात असा विचार होता.

हौसा अंगणात शेंगा फोडत बसली होती, पोर शेजारी घोंगडीवर रांगायचा प्रयत्न करत होती. मी विमानाची चौकशी केली, कारण मला दुसरं काही बोलता येत नव्हतं. ती उत्साहानं सांगू लागली. विमानात बाकावर पाटाएवढी जागा होती, कानात दडे बसले, एका मडमेनं आपला कोट अंथरला. "खाली निसत्या नद्याच हुत्या, मातकट पानी. त्येवढ्यात ही झाली. मग जरा येळानं उतारलो."

किती वेळानं, मी विचारलं. चार भाकऱ्या थापून भाजून व्हाव्यात इतक्या वेळानं, ती म्हणाली. आणि निघालात कधी? ती म्हणाली, "ऊन चांगलं वर आलं हुतं. ह्यांनी घड्याळ दावलं, नऊ वाजल्यात म्हनाले. मग मी चढले."

मी उठलो. घरी आलो आणि पायऱ्यांवरच बसलो. रंगूनचे नऊ म्हणजे आपले आठ. रंगून ते दमदम दोऱ्यानं साडेसहाशे मैलांच्या आतबाहेर. ते डाकोटा विमान समोरच्या वाऱ्यात साडेचार तास घेणार. म्हणजे साडेबाराला दमदम. त्याच्या वीसेक मिनिटं आधी गंगेच्या मुखावरून जाताना मुलगी झाली, बारा वाजून दहा मिनिटांनी. चिठ्ठीतल्या सहा चाळीसमध्ये साडेपाच तास मिळवा. बारा दहा. कागद ग्रीनिचच्या घड्याळाचा होता. आपल्या सकाळी सहा चाळीसला ते विमान रंगूनच्या जमिनीवर उभं होतं आणि हौसा कदाचित चहा पीत असेल.

जोशीबुवांचं गणित बरोबर होतं. पंचांग बरोबर होतं. चुकला होता तो एकच आकडा, माझा. पत्रिकेला मी तुच्छ मानत होतो म्हणून मी तो धड वाचला नव्हता.

इथं मी लगेच धावत गेलो असं लिहिता आलं असतं. तसं झालं नाही. आठ दिवस मी गप्प बसलो. दुकानात सुभेदार समोर असत आणि मला वाटे, हे यांना कळलं तर काय म्हणतील. मला त्या पोरीपेक्षा सुभेदारांची भीती जास्त वाटली, हे इतक्या वर्षांनी लिहितानाही लाज वाटते. आठव्या दिवशी पृथ्वीगोल पिशवीत घालून मी विट्याच्या मोटारीत बसलो.

आबाच्या सोप्यात जोशीबुवांना बोलावलं. मी गोलावर दोरा ताणला, घड्याळं समजावली आणि चूक माझी आहे हे सांगितलं. सुभेदारांना जे चार वर्षांत कळलं नाही, ते जोशीबुवांना दोन मिनिटांत कळलं. वेळेचाच धंदा त्यांचा. त्यांनी पंचांग उघडलं आणि म्हणाले, "बारा दहाला व्यतीपात नव्हता. मुलगी निर्दोष आहे." मग जन्मगाव विचारलं. पंचांगात आकाश हे गाव नसल्यामुळं त्यांनी आधी कलकत्ता धरलं होतं. मी गंगेचं मुख म्हणालो. त्यांनी मान डोलावली, गंगा त्यांना पसंत पडली. मी ज्यांना तुच्छ लेखत होतो, तो माणूस मला एक शब्दही लावून बोलला नाही.

आबाच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं बैलगाडी जुंपायला लावली, नवं लुगडं घेतलं, अंगडं-टोपडं घेतलं. मलाही गाडीत घेतलं. मी मनातून फुगलो होतो. वाटेत आबाला मी ग्रीनिच समजावलं, आणि तो प्रत्येक वाक्याला व्हय व्हय म्हणत होता.

आष्ट्यात हौसानं डोक्यावर पदर घेतला, पाय धुवायला पाणी दिलं, आबाच्या पाया पडली. आबानं सगळं सांगितलं, मी दुजोरा दिला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. लुगड्याला हात लावला नाही.

"आण्णा," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमी एकदा वाचलंसा, तवा माजी लेक वाईट झाली. परत वाचलंसा, तवा चांगली झाली. ती तर हुती तशीच हाय."

मग आबाकडे वळली. "मामंजी, काल कागद कळला म्हून आज आलासा. कागद तसाच ऱ्हायला असता तर आला असतासा का?"

आबानं लुगडं जवळ ओढून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, मुलाच्या काळजीनं पोखरलेला होता. खोटं बोलणं त्याला जमलं नाही.

"मग ऱ्हाऊ दे," हौसा म्हणाली. "तिचा बा ईल तवा त्योच न्हील. त्येनं न्हाई नेली तर मी हाय." आत जाऊन तिनं ती चिठ्ठी आणली आणि माझ्या हातात दिली. "ह्ये तुमचं तुमी ठेवा."

आबा गाडी जुंपून एकटाच विट्याकडे निघाला. मला तेव्हा हौसाचा रागच आला होता. एवढा गोल घेऊन हिच्या पोरीला सोडवलं आणि ही हट्ट करते. पोरीला निर्दोष ठरवायला मी गोल घेऊन निघालो, तेव्हाच तिच्यावरचा आरोप मी मान्य केला होता, हे ध्यानात यायला मला बरेच दिवस लागले. त्या सोप्यात मी आणि जोशीबुवा एकाच बाजूला बसलो होतो.

पावसाळा संपत आला तेव्हा एक दिवस दुकानात एक माणूस आला. दाढी वाढलेली, वळकटी खांद्यावर, डोळे ताप येऊन गेल्यासारखे. मालकांना वाटलं मशिन दुरुस्तीवाला आहे. तो किसन होता. दुकान लुटलं गेलं, आजारात पडला, मग बोट मिळाली. कलकत्त्याहून आगगाडीनं सरळ सांगलीला आला होता. आबाचं एकच पत्र त्याला पोचलं होतं. मुलगी व्यतीपातावर झाली, तिला आष्ट्याला ठेवली आहे, कागद सांगलीच्या विमानवाल्यानं वाचला, शांत होईपर्यंत तोंड पाहू नकोस. चूक कळवणारं आबाचं पुढचं पत्र निघायच्या आधी त्यानं रंगून सोडलं होतं.

"त्यो कागद तुमीच वाचला न्हवं?" तो म्हणाला. "मला दावा. काय लिवलंय त्यात?"

चिठ्ठी माझ्या टेबलाच्या खणात होती. मी ती काढली. सुभेदार पेपर बाजूला ठेवून बघत होते. ग्रीनिच, रंगून, साडेपाच तास, बारा दहा, सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. मी कागद हातात धरला आणि पहिल्यांदाच तो सबंध वाचला. दोन ओळी होत्या. वेळ एका कोपऱ्यात होती.

"मुलगी झाली," मी वाचलं. "आई आणि मूल दोघंही सुखरूप."

"आनि?"

"एवढंच."

त्यानं कागद हातात घेतला. इंग्रजी त्याला येत नव्हतं, तरी त्यानं दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं. मग चिठ्ठीची घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली आणि वळकटी उचलली.

"हितनं आष्टा किती लांब हाय?" त्यानं विचारलं.

चौदा मैल, मी म्हणालो. मोटार दीड तासानं सुटते, पुढं तासभर लागतो. पायी गेलं तर साडेचार तास.

मोटारीसाठी तो थांबला नाही. मी दारात येऊन पाहिलं, तोवर तो पेठ ओलांडून आष्ट्याच्या रस्त्याला लागला होता. चार वर्षांत माझ्याकडे अंतर विचारून लगेच निघालेला तो एकटा माणूस.